रंगपंचमीची सहल आणि परसातील कोंबड्या

फाल्गुन लागला म्हणजे मावळातील शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळते. भाताची खाचरे रिकामी झालेली असतात, खाचरांतील हरभरा व मसूर घरी आलेली असते आणि भाजावळीच्या कामाला अजून अवकाश असतो. रानात पळस, पांगारा आणि सावर फुललेली असतात. होळी पेटते, धुळवड होते आणि पाचव्या दिवशी रंगपंचमी येते. वर्षभर राबणाऱ्या माणसाने एक दिवस मोकळ्या हवेत घालवावा, मुलांनी हुंदडावे, तरुणांनी खेळावे, हे योग्यच आहे. परंतु ज्याच्या परसात चार जित्राबे आहेत त्याला घराकडे पाठ फिरविताना दहा गोष्टी पाहाव्या लागतात. गाईगुरांची ही काळजी आपण घेतो. कोंबड्यांची मात्र कोणी घेत नाही. "त्या काय, उकिरड्यावर चरतील आणि संध्याकाळी आपण होऊन येतील," असे म्हणून आपण मोकळे होतो.

यंदाची रंगपंचमी आम्ही जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका वाडीत घालविली. त्या एका दिवसात करमणूकही झाली आणि कोंबडीपालनाचा एक मोठा धडाही पाहावयास मिळाला. तो ग्रामसेवक बंधूंच्या व शेतकरी बंधु-भगिनींच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे सांगत आहोत.

खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी

ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घरचा कोंबड्यांचा कारभार आजींकडे आहे. वय सत्तरीच्या पुढे. पण पहाटे साडेपाचला त्या अंगणात हजर होत्या. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, लाकडी पायांवर उभे केलेले. खाली फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवलेल्या असल्यामुळे विष्ठा खाली पडते व रोज झाडून खतात टाकता येते. पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट जागा असावी, हा हिशेब त्यांनी सांभाळला आहे. दाराला लोखंडी जाळी व बाहेरून कडी. या भागात बिबट्याचा वावर आहे. शिवाय मुंगूस, उदमांजर आणि साप हे नेहमीचेच. "कडी घालायची राहिली, की सकाळी नुसती पिसं मोजायची," असे आजी म्हणाल्या.

दार उघडण्यापूर्वी त्यांनी जाळीतून आत पाहिले. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "दार उघडलं की सगळ्या पळतात. आजारी कोण ते पळापळीत दिसत नाही. आधी बघायचं. मान खाली कुणाची, पिसं फुगवून कोण बसलंय, विष्ठा हिरवी का पांढरी." ग्रामसेवक बंधूंनी हे वाक्य लक्षात ठेवावे. रोग ओळखण्याची सर्वांत चांगली वेळ ही दार उघडण्यापूर्वीची दोन मिनिटे होय.

मग दार उघडले. कोंबड्या एकेक करून उतरू लागल्या आणि आजींची नववीत शिकणारी नात मोठ्याने मोजू लागली. तेवीस भरल्या. चोविसावी खुडूक कोंबडी घराच्या आतल्या कोपऱ्यात डालग्यात अंड्यांवर बसलेली होती. तिचा तो सतरावा दिवस होता.

फाल्गुनातील रवण

रवणीला बसविण्यास माघ-फाल्गुन हा चांगला काळ. कडक थंडी सरलेली असते आणि वैशाखाचा वणवा लागण्यापूर्वी पिलांच्या अंगावर पिसे येतात. आजींनी अकरा अंडी ठेवली होती. गावरान कोंबडीच्या पोटाखाली दहा ते बारा अंडी मावतात. लोभाने अधिक ठेवली तर कडेची गारठतात व सर्वच बिघडतात. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली व स्वच्छ निवडावी. मळलेले अंडे धुऊन रवणीला ठेवू नये, कारण धुतल्याने कवचावरील नैसर्गिक थर जातो व छिद्रांवाटे जंतू आत शिरतात. हवा तापू लागली म्हणजे साठविलेल्या अंड्यांतील जीव लवकर मरतो, म्हणून या दिवसांत अंडी माठाशेजारी गारव्याला ठेवावी.

सातव्या रात्री नातीने विजेरीच्या उजेडात प्रत्येक अंडे पाहिले होते. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या ती ठेवली. एक कोरे निघाले, ते काढून टाकले. म्हणजे आता दहा होती. डालग्यात तळाशी राख, तिच्यावर भाताचा पेंढा आणि कडुनिंबाचा पाला घातला होता. त्याने पिसवांचा त्रास कमी होतो.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते. ती उठेल तेव्हा दाणा व पाणी समोर असले पाहिजे. नाही तर ती भटकत जाते आणि अंडी थंड पडतात. सहलीच्या दिवशी हीच गोष्ट विसरली जाते. आजींनी सकाळीच तिला उचलून अंगणात सोडले, पाणी पाजले, कण्या टाकल्या. तिने पंधरा मिनिटांत सर्व उरकले व ती आपण होऊन डालग्यात परतली.

इतर कोंबड्यांना मूठ-मूठ भरड व कोंडा मिळाला. परसातील कोंबडी किडे, गवत, सांडलेले धान्य खाऊन पोट भरते हे खरे. परंतु अंड्यावरच्या कोंबडीला रोज तीस-चाळीस ग्रॅम वरचे खाद्य दिले तर फरक दिसून येतो. अंड्यांची टरफले भाजून, कुटून त्यात मिसळली होती. टरफले अख्खी टाकू नयेत, कारण त्याने अंडी फोडून खाण्याची खोड लागते. दिवस उन्हाचा होता म्हणून मातीच्या दोन परळांत पाणी भरून एक जांभळीच्या सावलीत व एक गोठ्याच्या आडोशाला ठेवले. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व त्यावाटे अंगातील उष्णता बाहेर घालविते. त्यासाठी तिला पाणी लागते. फाल्गुन-चैत्रात पाण्याचे भांडे दुपारी कोरडे राहिले तर अंडी देणे थांबते, आणि अशक्त पक्षी मरतोही.

पाहुण्यांचे कोंबडे

आदल्या संध्याकाळी सूनबाईंचे भाऊ सणासाठी शहराकडून आले होते. येताना बाजारातून दोन जिवंत कोंबडे घेऊन आले. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने कसे यावे, हा त्यांचा भाव. त्यांनी कोंबडे सरळ खुराड्याकडे नेले. तोच आजी दारातून म्हणाल्या, "पाव्हणं, रागावू नका. ते तिकडं गोठ्याच्या मागं, बांधावर झाकून ठेवा. आमच्यात मिसळायचे नाहीत."

पाहुण्यांचा चेहरा उतरला. सूनबाई अवघडल्या. माहेरच्या माणसाने हौसेने आणलेली वस्तू घराबाहेर ठेवावयाची, हे त्यांनाही लागले असावे. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, आत्या," असे त्या हळूच म्हणाल्या. आजी म्हणाल्या, "गेल्या शिमग्याला पण एका रात्रीचाच होता."

गेल्या वर्षीची हकीकत आम्हांला नातीने सांगितली. त्या वेळी खुराड्यात लहानमोठी सव्वीस जनावरे होती. धुळवडीसाठी बाजारातून आणलेला एक कोंबडा रात्रभर त्यांच्यात ठेवला गेला. पाच-सहा दिवसांनी एक तलंग पिसे फुगवून बसली. मग हिरवट-पांढरी हगवण, घशात घरघर, माना वाकड्या होणे, पाय लुळे पडणे हे सर्व सुरू झाले. नऊ दिवसांत बावीस पक्षी गेले, चार राहिले. अंडी व कोंबडे विकून जो पैसा साठत होता त्यातून नातीला सायकल घ्यावयाची होती, कारण शाळा पाच किलोमीटर दूर आहे. सायकल आली नाही. ती वर्षभर पायी गेली. उरलेल्या चारांपैकी तीन माद्या होत्या. त्यांच्याच रवणीतून आजींनी वर्षभरात पुन्हा चोवीसपर्यंत मजल आणली होती.

ज्या रोगाने हे केले त्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. शास्त्रीय व्यवहारात त्याचे नाव राणीखेत. हिमालयाच्या पायथ्याकडील कुमाऊँ भागातील राणीखेत येथे १९२७ साली तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव पडले. रोग विषाणूचा आहे. त्यावर औषध नाही. त्याच कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथील संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात तयार झालेली लस मोठ्या पक्ष्यांसाठी आजही वापरली जाते. उपाय आहे तो एवढाच, आणि तो रोग येण्यापूर्वी करावयाचा आहे.

एक कुपी, शंभर मात्रा

येथेच परसातील कोंबडीपालनाची खरी अडचण आहे. या लशीची कुपी शंभर पक्ष्यांची येते. भुकटी थंड द्रावणात मिसळली, की ती दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. ज्याच्याकडे हजार पक्षी आहेत त्याला हे सोपे आहे. ज्याच्याकडे वीस आहेत त्याच्यासाठी कुपी कोण फोडणार? म्हणून खेड्यात लस टोचावयाची तर चार-पाच घरांनी एकाच वेळी तयार असले पाहिजे. सर्व पक्षी एका जागी गोळा करणेही बरोबर नाही, कारण एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. टोचणाऱ्याने घरोघर जावे आणि प्रत्येक घरी पक्षी धरून देणारे माणूस हजर असावे, हाच मार्ग उत्तम.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन पर्यवेक्षकांनी रंगपंचमीची संध्याकाळ दिली होती. सायंकाळी साडेसहाला ते बर्फाच्या पेटीतून कुपी घेऊन येणार होते. वेळ मुद्दाम सायंकाळची. त्या वेळी हवा गार असते व कोंबड्या खुराड्यात शिरलेल्या असल्यामुळे पळापळ न होता धरता येतात. पाच घरांनी शब्द दिला होता. पक्षी भरत होते त्र्याण्णव: तेवीस, अठरा, एकवीस, सोळा आणि पंधरा. ही यादी नातीने तयार केली होती. आठ दिवसांपूर्वी पाचही घरांत जंताचे औषध पाजून झाले होते, कारण पोटात जंत असलेल्या पक्ष्यास लस नीट लागू पडत नाही.

मात्र त्याच दिवशी युवक मंडळाची नाणेघाटाची सहल ठरली होती आणि पाचही घरांतील धरणारे हात सहलीला जाणार होते.

नाणेघाटात

सकाळी सात वाजता तीस-पस्तीस माणसे निघाली. मुले पुढे, तरुण मध्ये, बायाबापड्या मागे. शिदोरीत भाकरी, लसणाची चटणी, कांदे व घुगऱ्या. आदल्या दिवशी मुलांनी पळसाची फुले उकळून केशरी रंग केला होता, तो बाटल्यांत भरून घेतला होता. हा रंग अंगाला बाधत नाही व धुतला की निघतो. वाटेत सावरीची लालभडक फुले पडलेली होती. करवंदीच्या जाळ्यांना पांढरा मोहर आला होता. दीड तासाच्या चालीने आम्ही घाटमाथ्यावर पोहोचलो.

नाणेघाट ही कोकणातून देशावर येणारी प्राचीन वाट. कल्याण व सोपाऱ्याच्या बंदरांवरून निघालेला माल या घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात टाकीत, असे लोक सांगतात. खाली खडकात कोरलेली लेणी आहे आणि तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानला जातो. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांची त्यात मोजदाद आहे. आकड्यांच्या जुन्या खुणांसाठी हा लेख अभ्यासकांना मोलाचा वाटतो.

शाळेच्या गुरुजींनी मुलांना हे समजावून सांगितले. तेव्हा नात म्हणाली, "आमची आजी भिंतीवर कोळशाच्या रेघा मारायची. एका अंड्याला एक रेघ. आता मी वहीत लिहिते." मुले हसली. गुरुजी मात्र म्हणाले, "राणीनेही तेच केले. जे मोजले ते राहिले." भिंतीला कोणी हात लावू नये, नावे कोरू नयेत, असे त्यांनी बजावले व मुलांनी ते पाळले.

मग पठारावर खेळ सुरू झाले. मुलींची लगोरी, मुलांचा विटीदांडू, तरुणांच्या आट्यापाट्या. गोठ्यामागे कोंबडे ठेवावे लागल्याने रुसलेले पाहुणेही कबड्डीत उतरले व त्यांनी चांगले तीन गडी टिपले. दुपारी सावलीला बसून जेवणे झाली. पळसाचे रंग उडाले. सूनबाई भावाच्या पाठीवर केशरी ओंजळ रिकामी करून लहान मुलीसारख्या पळाल्या. वर्षभर खाली मानेने काम करणारी माणसे अशी मोकळी झालेली पाहून कोणालाही समाधान वाटावे. अशा सहलींना पैसा लागत नाही. वाडीची माणसे एका पंगतीला बसतात, तरुणांच्या अंगातील रग खेळात जाते. युवक मंडळांनी वर्षातून दोन-तीन वेळा तरी हे करावे.

परतण्याची वेळ

चार वाजले. नातीने वही काढली व म्हणाली, "निघू या."

तरुणांना ते पटले नाही. नाणेघाटातून कोकणात मावळणारा सूर्य पाहणे हाच तर सहलीचा कळस! एकजण म्हणाला, "कोंबड्यांसाठी माणसांनी पळायचं का? उद्या टोचू." दुसरा म्हणाला, "तो पर्यवेक्षक सरकारी माणूस. आठ वाजेपर्यंत थांबेल."

त्यांचे म्हणणे अगदी चुकीचे होते असेही नाही. सण वर्षातून एकदाच येतो. परंतु पेटीतील बर्फ सरकारी नसतो, तो वितळतो. घरी हात नसले तर पर्यवेक्षक कुपी फोडणार नाहीत आणि फोडलीच तर अर्धी मातीत जाईल. नात एवढेच म्हणाली, "तीन घरं मिळून छप्पन्नच होतात. छप्पन्नासाठी कुपी फोडायची का नाही ते तुम्ही सांगा."

सर्व गप्प झाले. शेवटी पाहुणे उठले. "सूर्य उद्या पण बुडेल," असे म्हणून त्यांनी भांड्यांची पाटी डोक्यावर घेतली. मग एकेक करून सर्व निघाले. तिघे तरुण मात्र मागे राहिले. त्यांच्या घरी कोंबड्या नव्हत्या व त्यांना सूर्यास्त पाहण्याचा हक्कच होता.

संध्याकाळ

आम्ही पोहोचलो तेव्हा पर्यवेक्षक ओट्यावर बसले होते व आजी त्यांना चहा देत होत्या. कोंबड्या खुराड्यांत शिरत होत्या. साडेसहाला कुपी फुटली.

काम पुढीलप्रमाणे झाले. पक्ष्याचे दोन्ही पाय एका हाताने व पंख दुसऱ्या हाताने धरावयाचे. पंखाच्या मुळाशी कातडीखाली अर्धा मिलिलीटर लस. घर बदलले की सुई बदलावयाची. लशीची बाटली बर्फातच ठेवावयाची. ही लस आठ आठवड्यांवरील पक्ष्यांनाच देतात. लहान पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकात थेंब टाकण्याची निराळी, सौम्य लस असते. रवणीवरच्या कोंबडीला उठविले नाही. तिची पाळी पिले निघाल्यानंतर.

दुसऱ्या घरी एक कोंबडी मलूल दिसली. पर्यवेक्षकांनी तिला टोचले नाही. आजारी पक्ष्यास लस देऊ नये. त्याने लाभ होत नाही, उलट तो दगावतो. तिला वेगळे झाकण्यास सांगून ते पुढे गेले.

पाचव्या घरचे मालक दारातच उभे होते. "टोचल्यावर कोंबडी अंडी बंद करते," असे त्यांचे म्हणणे. पर्यवेक्षकांनी खोटे सांगितले नाही. ते म्हणाले, "काही कोंबड्या थोडे दिवस कमी देतात. मग पूर्ववत देतात. मेलेली कोंबडी मात्र पुन्हा देत नाही." तरी मालकांचे मन होईना. तेव्हा आजी पुढे झाल्या. "माझ्या बावीस गेल्या तेव्हा खड्डा कुणी खणला? तूच ना?" मालक काही बोलले नाहीत. त्यांनी बारा पक्षी धरून दिले. अंड्यावरच्या तीन मात्र दिल्या नाहीत. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. अशा रीतीने एकूण एकोणनव्वद पक्ष्यांना लस मिळाली आणि दोन तास पुरे होण्यापूर्वी काम संपले.

सर्वांत शेवटी पर्यवेक्षक गोठ्यामागे गेले. आधी निरोगी पक्षी, मग संशयित, हा क्रम त्यांनी जाणूनबुजून ठेवला होता. उलट केले असते तर टोचणाराच हातापायांवरून रोग घरोघर नेता. बांधावरील दोन कोंबड्यांपैकी एक डोळे मिटून, पिसे फुगवून बसला होता. घशात घरघर होती. खाली हिरवट विष्ठा पडली होती.

पाहुणे विजेरी धरून उभे होते. त्यांना कोणी काही बोलले नाही. पर्यवेक्षक म्हणाले, "नुसते पाहून खात्री देता येत नाही, पण लक्षण मानमोडीचे आहे. हे कोंबडे कापू नका, विकू नका, हलवू नका. मी सकाळी दवाखान्यात कळवितो." त्या रात्री घरात पिठले-भाकरी झाली. पाहुणे जेवताना म्हणाले, "आत्या, तुम्ही मला बाहेर उभं केलंत असं वाटलं होतं." आजी म्हणाल्या, "तुम्हाला नाही. कोंबड्याला." मग सूनबाई हसल्या आणि पाहुणेही हसले.

पंधरा दिवसांनंतर

पहाटे तो कोंबडा मेला. दवाखान्याने नमुना घेतला; तपासणीत राणीखेतच ठरला. दुसरा कोंबडाही नष्ट करून दोन्ही खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले. जागेवर चुना पसरला. ज्यांनी हात लावला त्यांनी साबणाने हात धुतले, चपला धुतल्या.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या वाडीत गेलो. आजींच्या तेवीसच्या तेवीस चरत होत्या. रवणीतील दहा अंड्यांतून एकविसाव्या दिवशी नऊ पिले निघाली होती. घारीच्या भयाने ती दिवसा डालग्याखाली ठेवली होती. आई बाहेर बांधलेली व पिले तिच्याभोवती. त्यांना सहाव्या दिवशी थेंबांची लस मिळाली होती. दुसऱ्या घरची मलूल कोंबडी बरी झाली होती. तिचा आजार निराळा होता.

पाचव्या घरच्या त्या तीन कोंबड्याही जिवंत होत्या. मालक आम्हांला म्हणाले, "बघा, न टोचताही जगल्या." आजी तेथेच होत्या. त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांचं कोंबडं गोठ्यामागं राहिलं म्हणून जगल्या. दर वेळी कुणी तसं ठेवील का?" मालकांनी उत्तर दिले नाही. परंतु जाताना त्यांनी नातीला विचारले, की पुढची कुपी केव्हा आहे.

ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवण्यासारखे

पहिली गोष्ट. लस देणे ही जशी औषधाची बाब आहे तशीच मेळाची आहे. वाडीतील घरे, पक्ष्यांची संख्या व मोकळी वेळ यांची यादी एखाद्या शाळकरी मुलीकडे वा बचत गटाकडे द्यावी. शंभराचा आकडा जुळला की दवाखान्याशी संपर्क साधावा.

दुसरी गोष्ट. होळी, जत्रा, लग्नसराई या काळात बाजारातील पक्षी गावात येतात, आणि रोगही त्यांच्याबरोबर येतो. लशीचा गुण यावयास आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून ती सणाच्या आधी पंधरा दिवस द्यावी. या वाडीने सणाच्या दिवशीच दिली, हे उशिराच झाले. गोठ्यामागच्या अंतराने तिला वाचविले. बाहेरून आणलेला पक्षी पाळावयाचा असल्यास किमान दोन आठवडे वेगळा ठेवावा. कापावयाचा असल्यास खुराड्याजवळ आणूच नये; पिसे व आतडी पुरून टाकावी.

तिसरी गोष्ट. एकदम मरतूक झाली तर लपवू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्ल्यू आढळला होता. मानमोडी व हा रोग यांची लक्षणे वरवर सारखी दिसतात. निवाडा प्रयोगशाळाच करू शकते. म्हणून मेलेला पक्षी नदीत, ओढ्यात वा उकिरड्यावर फेकू नये आणि दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

चौथी गोष्ट. सहलीला जरूर जावे. मात्र निघण्यापूर्वी पाणी भरावे, रवणीच्या कोंबडीला उठवून खाऊ घालावे, पक्षी मोजावे. आणि दिवस मावळण्यापूर्वी परतून कडी घालावी.

नातीच्या वहीत आम्ही शेवटचे पान पाहिले. रंगपंचमीच्या तारखेपुढे लिहिले होते: पक्षी २४, अंडी ७, लस दिली. पुढच्या ओळीत सायकलच्या पैशांची बेरीज होती. ती अजून पूर्ण झालेली नाही. पावसाळ्यानंतर नऊ पिलांतील कोंबडे विकावयाचे झाले, म्हणजे ती पूर्ण होईल असा तिचा हिशेब आहे. तो आम्ही तपासून पाहिला, बरोबर आहे.